चुपगाव आणि मार्था सिस्टरचा दगड

जर्मनीहून आल्यापासून आमच्या कोसमबोडीत मला दोनच प्रश्न विचारतात. बाया विचारतात, "तिथी भात भेटते का वो?" बापे विचारतात, "तिथी लोकं उघड्यावर पेतात म्हणते, खरं आहे का?" दोन्हीचं उत्तर हो. पण कोणाला पटत नाही, म्हणून एकदाच लिहून काढते. यानंतर कोणी विचारलं तर हे कागद हातात देईन आणि आपल्या कामाला लागेन.

मी सिंधूबाई, सरकारी उपकेंद्रातली नर्स. नर्स झाले ती मार्था सिस्टरमुळं. ती जर्मनीची. आमच्या तलावाच्या पाळीवर तिचा कौलारू दवाखाना होता. मी सोळा वर्षांची, धानाच्या रोवण्याच्या, लावणीच्या मजुरीवर जात होते. तिनं मला बांधीतल्या चिखलातून बोलावलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि सुया उकळायला बसवलं. माझं पुढचं सगळं त्या उकळत्या पाण्यातून निघालं. बावीस वर्षं राहून ती आजारी पडली, आपल्या गावी गेली आणि तिथंच वारली. तिची तीन पत्रं आली होती. मी एकाचंच उत्तर दिलं. त्याची मला अजून लाज वाटते, ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिची भाची उर्सुला तरुणपणी दीड वर्ष आमच्याकडं राहिली होती. जाताना हिवताप आणि आमची झाडीपट्टीची बोली, दोन्ही घेऊन गेली. हिवताप गेला, बोली राहिली. तिनं दोन हजार तीनच्या जुलैत आम्हाला पंधरा दिवसांसाठी बोलावलं. तिच्या गावची मंडळी आमच्या भागासाठी जुने चष्मे न् पट्ट्या गोळा करून पाठवत, आणि चष्मा घालणारी माणसं एकदा डोळ्यांनी पाहावी असं त्यांना वाटत होतं. एक मी. दुसरे मनोहरभाऊ, आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. ते चष्मा घालत नाहीत, पण जाताना एक घालून आले.

निघायच्या दिवशी सहा बाया घरी आल्या. सहाही जणींची बाळंतपणं मार्थानं केलेली. प्रत्येकीनं एक एक मूठ धान दिलं, एका फडक्यात बांधलं. "बाईच्या डोक्याशी टाकजो. आन् पाणी घालजो वो, कोरडं ठेवू नोको." मी हो म्हटलं. मी गेले ते एवढ्यासाठी. बाकी जर्मनी वाटेत लागली.

धान विमानतळावरून कसं नेलं ते लिहीत नाही. कोणाच्या हाती हा कागद पडेल सांगता येत नाही.

पोहोचलो

गावाचं खरं नाव माझ्या जिभेला शेवटपर्यंत झेपलं नाही. तीनशेक माणसांची वस्ती, लाल कवेलूच्या छपरांची घरं, मधे चर्च, खिडक्यांत फुलं. भरदुपारी गाडीतून उतरलो तर रस्त्यावर एक माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडं नाही. मनोहरभाऊंनी चारी बाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, संचारबंदी आहे का?"

उर्सुला म्हणाली, "नाई भाऊ. लोकं जेवून झोपून राह्यले. एक ते तीन आवाज नाई करा लागत."

"कोणाचा हुकूम?"

"कोणाचाच नाई. पण नाई करा लागत."

तेव्हाच भाऊंनी गावाचं बारसं करून टाकलं, चुपगाव. मीही तेच वापरते.

त्या वर्षी तिकडं ऊन फार पडलं. पारा छत्तिसावर गेला आणि गाव आडवं झालं. म्हातारी माणसं पाय बादलीत घालून बसली, रेडिओवर सूचना, तोंडं अशी की घरात मयत झाली आहे. आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं, मे महिन्यात पंख्याखाली भाजून निघणारी. भाऊ अंगणात स्वेटर घालून बसले. उर्सुलानं काढायला सांगितलं तर म्हणाले, "सकाळी थंडी वाजते ना वो."

खाण्याचं सांगते. पाव इतका टणक की डोक्यात बसला तर मलाच टाके घालावे लागतील. कणकेच्या ओल्या शेवया असतात, त्या बऱ्या. आंबवलेली पानकोबी आमच्या अंबाडीसमोर अगदी बापुडवाणी. आणि संध्याकाळचं जेवण थंड! चूल आहे, गॅस आहे, वीज एकदाही जात नाही, आणि ही माणसं सहा वाजता पावावर गार मांस ठेवून गप्प बसतात. चौथ्या दिवशी भाऊंनी पेटीतून सुके झिंगे काढले आणि उर्सुलाच्या तव्यावर परतले. दहा मिनिटांत शेजारची लीनाबाई आली, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत. तिनं नम्रपणे विचारलं, गटार फुटलं आहे का, माणूस बोलवू का. भाऊंनी तिच्यासमोर बशी धरली. तिनं एक झिंगा खाल्ला, डोळे मिटले, दुसरा घेतला आणि गेली.

दारूचंही सांगून टाकते. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे काय ते जिल्ह्याबाहेरच्यांनी विचारू नये आणि जिल्ह्यातल्यांना सांगायला नको. चुपगावात चर्चचे पाद्रीबुवाच दिवसाढवळ्या सफरचंदाचा आंबट रस घेऊन उभे, आणि तो रस चढतो. भाऊंनी पहिला पेला दाराकडं तोंड करून, पोलिस येतो का पाहत प्यायला. दुसऱ्या पेल्याला दाराकडं पाठ होती.

झाडू

शुक्रवारी संध्याकाळी उर्सुलाच्या दाराला एक लाकडी पाटी लटकली. मला वाटलं, पाहुण्यांचं स्वागत. पाटीवर झाडूचं चित्र होतं. ज्याच्या दारी पाटी, त्यानं शनिवारी घरापुढचा रस्ता झाडायचा, जिना पुसायचा, नाली काढायची. मग पाटी पुढच्या दारी. कचरा असो नसो. चुपगावच्या रस्त्यावर भात सांडला तर उचलून खाता येईल, तरी झाडायचं. खिडक्यांतल्या फुलांमागून सगळं गाव पाहत असतं.

मी म्हटलं, हे काम आपलं. पहाटे उठले, झाडलं, सडा घातला, मैद्याची ठसठशीत रांगोळी काढली, मधे कमळ. आठ वाजता एक गृहस्थ आले आणि उर्सुलाला म्हणाले, तुमच्या पाहुणीनं छान झाडलं, पण पीठ सांडून ठेवलं आहे. कमळ मलाच झाडून काढावं लागलं. मी त्यांना आमच्या बोलीत जे म्हटलं ते उर्सुलानं भाषांतर करताना "धन्यवाद" असं केलं.

कपड्यांचीही तीच तऱ्हा. रविवारी धुणं वाळत घालायचं नाही, लोक पाहतात. यंत्र तळघरात, ते तासभर गुरगुरतं आणि साडी पिळून चोथा करून देतं. मला माझी फरशी आठवली. माझ्या विहिरीपाशी एक काळी गुळगुळीत फरशी आहे. मार्थाचा जुना दवाखाना पाडून नवं उपकेंद्र बांधलं तेव्हा मी आणि मनोहरभाऊंनी ती बैलबंडीत घालून आणली. तिच्यावर दोनदा आपटलं की कसलाही मळ निघतो.

गावचा इतिहास

चुपगावाला इतिहास आहे आणि तो केलर गुरुजींच्या कपाटात आहे. गुरुजी शाळेतून निवृत्त. वीस वर्षं खपून त्यांनी गावाचं पुस्तक लिहिलं, दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू होतं. त्यांनी आम्हाला केक दिला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. कोणत्या घराला कधी आग लागली, कोणत्या साथीत किती घरं ओस पडली, परकं सैन्य येऊन कोणाची गाय घेऊन गेलं, ती गाय कोणत्या रंगाची होती. उर्सुला भाषांतर करून करून घामाघूम झाली. भाऊ तिसऱ्या शतकात झोपले.

आमच्या कोसमबोडीचा इतिहास म्हणजे तीन म्हातारे. तलाव कोणी खोदला यावर तिघांचं पटत नाही आणि होळीला त्यावरून भांडण ठरलेलं. त्यातला एक मेला की आमची एक आवृत्ती संपते. मला गुरुजींचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पण मी नर्स आहे. पेशंट जिथं हात लावू देत नाही, तिथंच आमचा हात जातो. पुस्तकात गाईला अर्धं पान, आणि लढाईआधीची न् लढाईतली ती हिटलरची वर्षं दोन ओळींत. मी विचारलं, "या बारा वर्षांत गावात काय झालं?"

उर्सुलानं विचारू की नको असं केलं, मग विचारलं. गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "रस्ता डांबरी झाला."

मग त्यांनी मला विचारलं, सभ्य माणूस, पण कच्चा नव्हता. "तुमच्या जिल्ह्याबद्दल पेपरात काही काही येतं. जंगल, बंदुका, पोलिस. तुमच्या गावात काय चाललं आहे?"

मला रात्रीबेरात्री दोन्हीकडची माणसं येऊन उपकेंद्राचं दार वाजवतात ते आठवलं. कोणाच्या पायातला छर्रा काढला, कोणाला सांगितलं, कोणाला नाही, ते आठवलं. मी म्हटलं, "रस्ता डांबरी होऊन राह्यला."

उर्सुलानं ते जसंच्या तसं सांगितलं. गुरुजींनी मला केकचा आणखी एक तुकडा वाढला.

झारी आणि पिवळा कागद

पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दफनभूमीत जाऊन धानाचं काम उरकलं होतं. ते मुद्दाम मागं ठेवलं, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

ती जागा आमच्या तहसील कचेरीच्या बागेपेक्षा नीट. प्रत्येक कबर म्हणजे छोटा वाफा. कडेला खुंट्यांवर झाऱ्या टांगलेल्या आणि प्रत्येक झारीला साखळी न् कुलूप! चर्चचं दार सताड उघडं, घरांच्या किल्ल्या कुंडीखाली, आणि कुलूप झारीला. काही दगडांवर जिवंत माणसांची नावंही कोरून ठेवलेली. लीनाबाईच्या नवऱ्याच्या दगडावर खाली तिचं नाव, जन्मसाल, एक रेघ आणि पुढं मोकळी जागा. आमच्याकडं सुनेनं असं काही केलं असतं तर त्याच दिवशी वाटण्या झाल्या असत्या.

मार्थाची कबर भिंतीकडच्या रांगेत. छोटा करडा दगड, नाव, दोन सालं. वाफा उघडा, फूल नाही, उर्सुला बिचारी गुडघ्यांनी हैराण. पण दगडावर एक पिवळा कागद चिकटवलेला होता, छापील, खाली सही-शिक्का. साठ-सत्तर दगडांत तो फक्त तीन दगडांवर. माझा ऊर भरून आला. म्हटलं, परदेशात सेवा केली म्हणून गावानं सन्मान केला दिसते. आमच्याकडं नोटीस जिवंत माणसाच्या दारावर लागते. मेलेल्याला सरकार त्रास देत नाही. मी दगडाला हळद-कुंकू लावलं, पिवळ्या कागदालाही लावलं, सहा मुठी धान मातीत पसरलं, लीनाबाईची झारी मागून घेतली आणि पाणी घातलं. "सिस्टर, आली मी," म्हटलं. मग रडले. भाऊंनी कागदासकट माझा फोटो काढला.

आठव्या दिवशी उर्सुलाला कॅमेऱ्यात तो फोटो दाखवला. तिचा चेहरा उतरला.

"सिंधूबाई, हे सन्मान नाई वो. मुदत सरली."

"कायची मुदत?"

"कबरीची. वीस वर्षं झाले. इथी रांगेतल्या कबरीले वाढवून नाई भेटत. सोमवारी दगड काढतीन, जागा सपाट करतीन. मी तुमाले सांगणारच होतो, पण कसं सांगू?" बोलीतलं पुरुषी क्रियापद ती अजून तसंच वापरते. एरवी मी हसले असते.

"दगडाचं काय करतीन?"

"फोडून रस्त्यावर टाकतीन. गिट्टी."

माझं डोकंच फिरलं. गाईचा रंग लिहून ठेवणारं गाव, झारीला कुलूप लावणारं गाव, आणि आमच्या मार्थाला वीस वर्षांत घर खाली करायला लावतं! मेल्यावरही! मी विचारलं, सही कोणाची आहे. उर्सुला म्हणाली, दफनभूमी समितीचे प्रमुख केलर गुरुजी.

रविवारी, खानावळीत

चर्च सुटल्यावर गाव खानावळीत बसतं. मी तिथं उभी राहिले आणि बोलले. गोडीनं सुरुवात केली, पण गोडी माझ्याजवळ फार वेळ टिकत नाही. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. जागा लहान आहे म्हणाले. पाद्री, पाटील, न्हावी, सगळ्यांना एकच नियम. त्यांची स्वतःची आई गेल्या वर्षी निघाली. "आणि नाव जात नाही बाई, नाव पुस्तकात आहे."

त्यांनी पान उघडलं. मार्थाची एक ओळ होती, भारतात गेली, परत आली.

"मधली बावीस वर्षं?"

"त्याची माहिती आम्हाला नाही."

"मंग लिहा," मी म्हटलं. मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी खरंच पेन्सिल काढली. मी सांगत गेले. तलाव फुटला त्या वर्षी डोंग्यात, लाकडी होडीत बसून केलेलं बाळंतपण. साप चावलेला माणूस रात्रभर गालावर मारून जागा ठेवला ते. हगवणीच्या साथीत साखर-मिठाचं पाणी घरोघर पाजलं ते. मुकादमाला दवाखान्याबाहेर काढलं ते. भाऊंनीही सांगितलं, त्यांच्या हातात शिरलेला माशाचा काटा तिनं कसा काढला आणि किती शिव्या घातल्या, आमच्याच बोलीत. गुरुजींनी तीन पानं भरली.

मग त्यांनी विचारलं, "आणि तिथं तिची काही खूण आहे?"

साऱ्या खानावळीच्या नजरा माझ्यावर. दगड फोडणाऱ्यांना मी आत्ताच एवढं सुनावलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "आहे ना! तिच्या नावाची काळी फरशी. गावानं कोरून घेतली. दवाखान्याच्या भिंतीत, समोरच."

मनोहरभाऊंना पेल्यात ठसका लागला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. गुरुजींनी तेही लिहून घेतलं.

उर्सुलाचे डोळे भरले. ती म्हणाली, "मंग थंडीत येतो मी. इथला दगड तं जाते. तिथला पाहून जाईन."

घरी येताना भाऊ म्हणाले, "बाई, ते फरशी..."

"चूप राहा भाऊ."

"मी तं चूपच आहो. पण तुम्ही पुस्तकात घालून देली."

सोमवार

सकाळी दफनभूमीत गेलो. मी आठवड्याभरात तिकडं फिरकले नव्हते, आणि वाफा पाहून जागीच थांबले. धान उगवलं होतं. चार बोटं उंच, दाट, हिरवंगार, आमच्या बांधीत रोपांचे पऱ्हे टाकतात तसं. एवढ्या उन्हात पाणी कोणी घातलं? लीनाबाई काठी टेकत आली, हातात झारी, कुलूप उघडं. तिला वाटलं, भारतातलं शोभेचं गवत आहे. ती रोज दोनदा घालत होती.

छोटं यंत्र आलं. दगड सहज निघाला, दातासारखा. केलर गुरुजींनी टोपी काढली, तो ट्रॉलीत जाईपर्यंत उघड्या डोक्यानं उन्हात उभे राहिले. मला त्यांचा राग राग येत होता आणि तो नीट येईनाही. माणूस नियमाला धरून होता, पण नजर चुकवत नव्हता.

"पऱ्हे काढा भाऊ," मी म्हटलं. "वाया नाई जाऊ द्याचे."

आम्ही दोघं वाकून पऱ्हे उपटायला लागलो. लीनाबाईनं आपल्या नवऱ्याच्या वाफ्यातली लाल फुलं काठीनं दाखवली आणि म्हणाली, ही काढा, माझ्याकडं लावा. माझ्या जागेला अजून वेळ आहे. तिच्या त्या मोकळ्या रेघेपुढं आम्ही चिखल केला, चपला काढल्या आणि जर्मनीत रोवणा केला. भाऊ चिखलात उभे राहून म्हणाले, "बांध पाह्यजे होता, पाणी थांबत नाई." तासाभरात अर्धं चुपगाव भिंतीपलीकडं उभं होतं. कोणी हरकत घेतली नाही. नियमात धानाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

परत

एसटीतून उतरले तर सहाही बाया पाळीवर उभ्या. "टाकलं का वो?"

"टाकलं. उगवलं. रोवून आली."

त्यांना इतका आनंद झाला की कबरीचं पुढं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हातपाय धुवायला विहिरीवर गेले. फरशी होती तिथंच होती. माझ्या माघारी सुनेनं तिच्यावर घोंगडी धुतली होती.

दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊ पहार घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं. सोबत सिमेंटचं पोतं, फरशी नव्या उपकेंद्राच्या भिंतीत बसवायला. बाया जमल्या. भाऊंनी पहार घातली, मी दुसरी बाजू धरली आणि फरशी उलटली. खाली गांडुळं, काळी ओली माती, आणि त्या मातीत उलट्या अक्षरांचा ठसा. फरशीवर पाणी ओतलं तसं नाव सुलटं निघालं, मार्था सिस्टर. एकही अक्षर झिजलं नव्हतं.

"अगं बाप्पा," आमची इठाबाई म्हणाली, जिचं बाळंतपण डोंग्यात झालं होतं ती. "हे तं दवाखान्यातली नावाची फरशी होय? तुले माईत नव्हतं का वो सिंधूबाई? एवढे वर्षं उलटी कोणं घातली?"

भाऊंनी मान खाली घातली. मी चुपगावात एवढी बोलले, आता गप्प कशी बसू?

"माईत होतं," मी म्हटलं. "मीच घातली. अक्षरात साबण अडकत होती."